प्लँटेड टँकमधले शेवाळ : वाद कुठवर आला आहे

टाकीत शेवाळ माजले की सल्ल्यांना तोटा नसतो. एक दुकानदार सांगतो, लाइट कमी करा. दुसरा म्हणतो, खत बंद करा. तिसरा कपाटातून बाटली काढून देतो, रोज एक झाकण टाका म्हणून. चौथा पिशवीत सकर मासा बांधून हातात ठेवतो. या चारही सल्ल्यांमागे एकेक विचार उभा आहे, हे बहुधा त्या दुकानदारांनाही ठाऊक नसते. या विचारांचे आपसांतले भांडण जुने आहे. त्यातले काही मिटले, काही अजून चालू आहे. त्याचा हिशोब इथे मांडतो.

आधी एक खुलासा. जावा मॉस, ख्रिसमस मॉस यांनाही आपण बोलताना शेवाळच म्हणतो. पण त्या हरिता, म्हणजे खोडपाने असलेल्या वनस्पती; नकोसे असते ते दुसरे, काचेवर, पानांवर, दगडांवर चढणारे. इथे शेवाळ म्हणजे हे दुसरे, आणि मॉसला मॉसच म्हटले आहे. मॉसचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे, कारण तिथे रोगापेक्षा इलाज भयंकर ठरू शकतो.

गोगलगायीपासून सुरुवात

घरातल्या काचेच्या टाकीचा इतिहास आणि शेवाळ हटवण्याचा इतिहास एकाच वर्षी सुरू होतो. १८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी तिथल्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. एका भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देईल, मासा जगेल, असा हिशोब. तो जमला, पण व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. मग वॉरिंग्टन यांनी डबक्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजके आणि हिरवे दोन्ही खाल्ले आणि पाणी निवळले. ‘संतुलित टाकी’ ही कल्पना इथून आली. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकाने ती इंग्लंडात घरोघरी पोचवली.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे ही कल्पना फारशी कोणी तपासली नाही. खिडकीतले ऊन, मग बल्ब, मग ट्यूबलाइट, इतकाच बदल. खरा फेरफार १९८० च्या दशकात झाला. जर्मनीत कास्पार होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी लोह आणि कार्बन डायऑक्साइड मोजूनमापून द्यायची पद्धत रूढ केली. जपानमध्ये निगाता इथले छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी १९८२ मध्ये एडीए ही कंपनी काढून टाकीला बागेचे रूप दिले. प्रखर दिवे, सिलिंडरमधला वायू, पोषक माती यांमुळे झाडे अशी वाढू लागली की आधीच्या पिढीने पाहिली नव्हती. शेवाळही तसेच. संतुलन बिघडायला पूर्वी महिने लागत, आता आठवडा पुरू लागला.

फॉस्फेट : आरोपी की निर्दोष?

वादातले पहिले मोठे प्रकरण फॉस्फेटचे. त्याचे मूळ टाकीत नाही, कॅनडातल्या एका सरोवरात आहे. वायव्य ऑंटेरिओतल्या प्रयोगासाठी राखलेल्या तलावांपैकी ‘लेक २२६’ डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९७३ मध्ये पडदा टाकून दोन भागांत विभागला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्या बाजूला या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. दुसरी बाजू हिरवीगार झाली, पहिली स्वच्छ राहिली. त्याचे विमानातून घेतलेले छायाचित्र परिसंस्थाशास्त्रातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रांपैकी एक आहे. धुण्याच्या पावडरीतला फॉस्फेट कमी करण्याच्या मोहिमांना त्याने मोठे बळ दिले.

१९९६ मध्ये पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी तोच तर्क टाकीला लावला. झाडांना नायट्रेट, पोटॅशियम आणि सूक्ष्म द्रव्ये भरपूर द्या, फॉस्फेट मात्र जवळजवळ शून्यावर ठेवा. झाडे ते आधी उचलतील आणि शेवाळ उपाशी राहील. सर्वांत तुटपुंजा घटक वाढीचे माप ठरवतो, हा लीबिगचा जुना नियम त्यामागे होता. त्यांचे घरी बनवायचे स्वस्त खतमिश्रण ‘पीएमडीडी’ या नावाने जगभर वापरले गेले, आणि पुष्कळांना त्याचा फायदाही झाला, हे नाकारता येत नाही.

याला जोरदार उत्तर कॅलिफोर्नियाच्या टॉम बार यांनी दिले. त्यांच्याकडच्या नळाच्या पाण्यातच फॉस्फेट होते आणि तरी झाडांनी भरलेल्या टाकीत शेवाळ नव्हते. मग त्यांनी मुद्दाम फॉस्फेट घालून पाहिले. शेवाळ आले नाही, उलट काचेवरचे कडक हिरवे ठिपके कमी झाले. यातून ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ ही पद्धत निघाली. मोजमापाच्या मागे लागू नका, सर्व पोषकद्रव्ये थोडी जास्तच द्या, कार्बन डायऑक्साइड ३० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास ठेवा आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलून साठा पुन्हा खाली आणा. नायट्रेट ५ ते ३०, फॉस्फेट १ ते ३ पीपीएम ही तिची ढोबळ पट्टी.

इथे महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला एक सोय आहे, तिचा उल्लेख करायला हवा. १३:००:४५ आणि ००:५२:३४ हे आकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला तोंडपाठ असतात. ठिबकमधून सोडायची हीच विद्राव्य खते, पोटॅशियम नायट्रेट आणि मोनो पोटॅशियम फॉस्फेट, या पद्धतीत लागतात आणि कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशा टाकीत साधारण ७० लिटर पाणी मावते. त्यात १ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट टाकले तर नायट्रेट साडेआठ ते नऊ पीपीएमने वाढते. फॉस्फेट १ पीपीएमने वाढवायला दुसरे खत ०.१ ग्रॅम पुरते. किलोभराची पुडी वर्षानुवर्षे सरत नाही. आयात बाटलीतल्या पाण्यात यापेक्षा फार वेगळे काही असते असे मला वाटत नाही.

मग फॉस्फेटचा निकाल काय? माझ्या मते खटला एका बाजूने सुटला आहे. दाट झाडे आणि पुरेसा कार्बन असलेल्या टाकीत नुसत्या फॉस्फेटने शेवाळ येत नाही, हे आता इतक्या लोकांनी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर वाद उरलेला नाही. पण याचा अर्थ शिंडलर चुकले असा काढला जातो, तो बरोबर नाही. त्यांच्या प्रयोगात मोजले जात होते ते पाण्यात तरंगणारे शेवाळ. मुळे रोवून उभ्या असलेल्या झाडांशी त्याची स्पर्धा हा तिथला प्रश्नच नव्हता. आपल्या टाकीशी जास्त जुळते ते मार्टेन शेफर यांनी १९९३ मध्ये उथळ तळ्यांबद्दल मांडलेले चित्र. पोषकद्रव्ये तेवढीच असताना असे तळे दोन अवस्थांपैकी कुठल्याही एकीत टिकून राहू शकते, झाडांचे निर्मळ तळे किंवा शेवाळाचे गढूळ तळे. एका अवस्थेतून दुसरीत ढकलायला मोठा धक्का लागतो, आणि परत यायला त्याहून मोठा. चार रोपे आणि वीस मासे असलेल्या टाकीत खत ओतून ‘बार यांची पद्धत’ म्हणणारे दाट झाडांची अट विसरतात.

कार्बन आणि उजेड

फॉस्फेट मागे पडल्यावर चर्चेचा रोख कार्बन डायऑक्साइडकडे वळला. कारण भौतिक आहे. हा वायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजारांश वेगाने पाण्यात पसरतो. उघड्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो, आणि पाणी तापले की आणखी कमी. पानाभोवतीचा स्थिर पाण्याचा पातळ थर ओलांडून तो आत शिरायचा. त्यामुळे मोठ्या पानाचे झाड उपाशी राहते, तर एका पेशीच्या जाडीचा शेवाळाचा तंतू थोडक्यात भागवतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी रिचिया या तरंगत्या वनस्पतीवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. उजेड कमी असतानाही कार्बन डायऑक्साइड वाढवला की वाढ ठळकपणे सुधारते. कमी उजेडात वायूचा उपयोग नाही, ही जुनी समजूत त्याने मोडली.

यावर आज बहुतेकांचे एकमत आहे की उजेड हा गाडीचा वेग ठरवतो. तो वाढवला की कार्बनही लागतो, खतही लागते, आणि त्यातले एक कमी पडले की झाड थांबते, शेवाळ थांबत नाही. म्हणून अडचणीत सापडलेल्या टाकीत दिवा ६ ते ८ तासांवर आणणे हा उपाय प्रत्येक पंथाला मान्य आहे. पहिला दुकानदार बरोबर सांगत होता.

एकमत इथे संपते. काळ्या ब्रशसारख्या शेवाळाचे उदाहरण घ्या. अनुबियासच्या जुन्या पानाची कड भिंगाखाली धरली तर करडे-काळे, अर्ध्या सेंटिमीटरचे झुपके ओळीने उगवलेले दिसतात. बोटाने ओढले तर पान फाटते, झुपका निघत नाही. तो तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला की हिरवे रंगद्रव्य सुटून जाते आणि काळा झुपका लालसर दिसू लागतो. कारण हे लाल शेवाळांच्या कुळातले आहे. ते का येते? एक मत म्हणते, कार्बन डायऑक्साइडच्या पातळीतल्या चढउतारामुळे. सिलिंडर संपत आलेला, वायू दिव्याबरोबरच चालू होणारा, पाण्याचा प्रवाह कोपऱ्यात न पोचणारा. दुसरे मत म्हणते, साचलेल्या सेंद्रिय कचऱ्यामुळे. फिल्टर धुवा, मेलेली पाने काढा, ते थांबेल. दोन्ही बाजूंकडे टाक्यांची छायाचित्रे भरपूर आहेत. मला दुसऱ्या मताकडे थोडा जास्त कल वाटतो, कारण वायू न सोडलेल्या टाक्यांतही हे शेवाळ जुन्या, कमजोर पानांवरच आधी बसते. पण हा कलच आहे, पुरावा नव्हे.

विदर्भ-मराठवाड्यात या प्रकरणाला दोन वेगळे कंगोरे आहेत. एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर सहज जाते. वायू कमी विरघळतो, झाडांचा श्वसनाचा खर्च वाढतो, थंड पाण्याची झाडे आणि मॉस मागे पडतात. चिलर परवडत नाही; पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. दुसरा कंगोरा बोअरच्या पाण्याचा. ते बहुधा जड असते, बायकार्बोनेटने भरलेले. व्हॅलिस्नेरिया आणि आपल्याच तळ्यांतली हायड्रिला यांना बायकार्बोनेटमधून कार्बन काढता येतो, पुष्कळ शेवाळांनाही येतो. मॉस मात्र बहुतांशी विरघळलेल्या वायूवरच अवलंबून असते. म्हणजे एकाच पाण्यात कोणाला मेजवानी आणि कोणाला उपास, हे आधीच ठरलेले. त्यामुळे परदेशी तक्ते इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मातीची टाकी

प्रखर उजेड आणि सिलिंडर यांच्या अगदी उलट टोकाला डायना वॉलस्टॅड उभ्या आहेत. ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड अ‍ॅक्वेरियम’ हे त्यांचे पुस्तक १९९९ चे. वाळूखाली साधी बागेची माती, खिडकीचा थोडा उजेड, पहिल्या दिवसापासून दाट लागवड, वर तरंगणारी झाडे, पाणी क्वचितच बदलायचे. शेवाळाबाबत त्यांचा मुद्दा लोहाचा आहे. झाडांना लोह मुळांकडून मातीतून मिळते, शेवाळाला फक्त पाण्यातून. तेव्हा पाण्यात लोहाचे खत घालू नका. तरंगत्या झाडांना हवेतला कार्बन थेट मिळतो, हा दुसरा मुद्दा.

तिसरा मुद्दा वादग्रस्त आहे. वनस्पती शेवाळाला मारक रसायने पाण्यात सोडतात, असे त्या म्हणतात. याला प्रयोगशाळेचा आधार आहे. एलिझाबेथ ग्रोस यांच्या गटाने १९९६ मध्ये मिरिओफिलम स्पिकॅटम ही वनस्पती असे पॉलिफिनॉल सोडते आणि त्याने निळ्या-हिरव्या शेवाळाची वाढ रोखली जाते, हे दाखवले. पण घरच्या टाकीत ते पुरेशा प्रमाणात साठते का? विरोधक विचारतात, तसे असेल तर फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घातल्यावर ती रसायने शोषली जाऊन शेवाळ उसळायला हवे. तसे तर होत नाही. आक्षेप वजनदार आहे. उलट बाजूने असेही म्हणता येते की ही रसायने पानाला चिकटलेल्या शेवाळावर जागच्या जागी काम करत असतील, त्यांना पाण्यात साठण्याची गरज नसेल. इथे वाद अडला आहे.

एक व्यावहारिक गोष्ट या पंथाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. बार यांच्या पद्धतीत ७० लिटरच्या टाकीला आठवड्याला ३५ लिटर पाणी ओतून द्यावे लागते. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा सल्ला देणे मला जड जाते. ते पाणी झाडांना घालता येते, हे खरे. पण मातीची टाकी मुळातच कमी मागते.

खाणारे आणि बाटली

वॉरिंग्टन यांच्या गोगलगायीचा वारस म्हणजे अमानो झिंगा. कॅरिडिना मल्टिडेन्टाटा हा जपानी झिंगा अमानो यांनी तंतुमय शेवाळावर वापरात आणला आणि त्याला त्यांचेच नाव चिकटले. त्याची पिल्ले खाऱ्या पाण्यात वाढतात, म्हणून टाकीत तो बेसुमार होत नाही. ओटोसिन्क्लस हा मासा तपकिरी थर चाटतो. सयामी शेवाळखाऊ काळा ब्रशही खातो, पण दुकानात त्याच्या नावाने दुसरेच मासे विकले जातात. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत खडकाला तोंडाखालच्या चकतीने चिकटून शेवाळ खरवडणारा गारा मुल्या हा मासा आहे. कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन करताना त्याची नोंद केली.

सकर माशाबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. तो फूटभर वाढतो, झाडे उखडतो, मोठा झाल्यावर शेवाळापेक्षा गोळ्याच खातो, आणि कंटाळलेला मालक त्याला नदीत सोडतो. भारतातल्या अनेक नद्या-तलावांत तो आता उपद्रवी परका म्हणून ठाण मांडून आहे. चौथ्या दुकानदाराचा सल्ला घेऊ नये.

बाटलीत बहुधा ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याचा भाऊबंद असतो. रुग्णालयात एंडोस्कोप निर्जंतुक करायला वापरतात तेच रसायन, अधिक पातळ. विक्रेते त्याला ‘लिक्विड कार्बन’ म्हणतात. झाडांना त्यातून खरोखर किती कार्बन मिळतो यावर मतभेद आहेत. शेवाळ मरते यावर नाहीत. काळ्या ब्रशवर थेट सोडले तर तो काही दिवसांत गुलाबी आणि मग पांढरा पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचाही तसाच उपयोग होतो. निळ्या-हिरव्या शेवाळावर एरिथ्रोमायसिन टाकणारेही आहेत. हे शेवाळ मुळात जिवाणूच असल्याने औषध लागू पडते. पण टाकीच्या निमित्ताने अँटिबायोटिक गटारात सोडणे, हे चार दिवस टाकी झाकून ठेवल्याने भागत असताना समर्थनीय नाही.

मॉसचा पेच

मॉस आणि शेवाळ एकमेकांत गुंतले की वरचे सगळे सल्ले डळमळतात. मॉसला मुळे नाहीत, ते पानांनीच खाते, हळू वाढते. त्याच्या जाळीत कचरा अडकतो आणि हिरवे तंतू त्यातच रुजतात. ग्लुटराल्डिहाइड आणि पेरॉक्साइड यांचा मार मॉस आणि रिचियासारख्या त्याच्या नातलगांना इतर झाडांपेक्षा आधी बसतो. त्यामुळे इथे हातानेच काम करावे लागते. मॉस बांधलेला दगड बाहेर काढायचा, बादलीत हलवून गाळ काढायचा, टूथब्रश फिरवून तंतू गुंडाळून घ्यायचे, वरचा थर कातरायचा. कातरताना पंप बंद ठेवावा. सुटे तुकडे फिल्टरमध्ये जातात आणि महिन्याभरात टाकीच्या दुसऱ्या टोकाला मॉस उगवते. मॉसचाच उपद्रव होतो तो असा.

ओळखीचा घोळही इथे जास्त. बेनिटो टॅन आणि सहकाऱ्यांनी २००० च्या दशकाच्या मध्याला सिंगापूरहून दाखवून दिले की वर्षानुवर्षे व्हेसिक्युलारिया डुबियाना म्हणून विकले जाणारे जावा मॉस वास्तविक टॅक्सिफायलम बार्बिएरी आहे. त्याआधीच्या लेखांत कोणते मॉस किती उष्णता सोसते याबद्दल जे लिहिले आहे, ते नेमके कुठल्या मॉसबद्दल हे सांगणे त्यामुळे अवघड होते. आणि ‘मॉस बॉल’ म्हणून मिळणारा हिरवा चेंडू मॉस नाहीच, एगाग्रोपिला नावाचे शेवाळ आहे. शेवाळ घालवायला पैसे मोजणारे तेच शेवाळ विकतही घेतात.

काय उरले

अनिर्णित प्रश्नांची यादी छोटी नाही. टाकीत बीजाणू नेहमीच असतात. मग ते एका विशिष्ट आठवड्यात का उसळतात? अमोनिया ही त्यांची घंटा आहे, असे बार यांनी मांडले. काहींना तसे दिसले, काहींच्या टाकीत अमोनिया घालूनही काही घडले नाही. काळा ब्रश कशाने येतो, रसायने पाण्यात साठतात का, तापलेल्या आणि जड पाण्यात कोणती पद्धत टिकते, हे प्रश्न वर आलेच आहेत. मोठी अडचण अशी की या क्षेत्रातला बहुतेक पुरावा एकेका माणसाच्या एकेका टाकीचा आहे. शेवाळ आले की तो एकाच दिवशी दिवा कमी करतो, पाणी बदलतो, फिल्टर धुतो, झिंगे आणतो, आणि शेवाळ गेले की श्रेय आवडत्या सिद्धांताला देतो.

हे बदलणे आपल्याकडे फार खर्चाचे नाही. सारख्या मापाच्या सहा टाक्या, एकच माती, एकच दिवा, एकाच गड्डीतली रोपे. तीन टाक्यांत फॉस्फेट घालायचे, तीनांत नाही. दर आठवड्याला काचेच्या ठरावीक चौकोनातले शेवाळ खरवडून, वाळवून, वजन करायचे. वनस्पतिशास्त्राच्या पदवी वर्गाच्या प्रकल्पात हे सहज बसते. मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने बोअरच्या पाण्यावर, मेच्या उन्हाळ्यात, तो करावा आणि ‘फरक आढळला नाही’ असा निकाल आला तरी तो छापावा.